नानांचा गंभीर फोटो

श्रद्धांजलीची सगळी कामं संध्याकाळपर्यंत निघाली, तर कूलरचं तोंड दिपमालाकडे वळणार होतं. भूषणशेठनं तसा शब्दच दिला होता. पिंप्राळ्यातल्या त्याच्या फ्लेक्सच्या दुकानात कूलर आजवर मशीनला वारा घालायचा. मशीन तापलं की बंद पडतं, दिपमाला तापली तरी डिझाइन काढते, असा शेठचा साधा हिशोब.

श्रद्धांजली होती तोताराम फुगेवाल्याला. गल्लीतलाच माणूस. धरणगावच्या पलीकडं एका गावात फुगे विकायला गेला. पोरं भोवती जमली, आणि पोरं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज त्या दिवशी प्रत्येकाच्या मोबाइलवर होता. गावानं त्याला मारून टाकलं. उद्या सकाळी सत्तेतले नाना आणि दुपारी विरोधातले आबा त्याच्या दारावर यायचे होते. पुढाऱ्याआधी त्याचा फ्लेक्स पोचावा लागतो, नाहीतर कोण येऊन गेलं ते लोकांना कळायचं कसं?

तोतारामची बायको बेबाबाई सकाळीच फोटो देऊन गेली होती. पुतण्याच्या हळदीतला, तोंडभर हसणारा.

"त्यास्ना हाऊ एकच फोटो शे, पोरी. जरा मोठा करी दे."

"करते, मावशी," दिपमाला म्हणाली होती.

नानांचा माणूस पियुष दहाच्या सुमारास आला. "नानांचा हसरा नको. गंभीर टाका."

दिपमालानं सगळी फोल्डरं उपसली. वाढदिवसाचे हसरे, उद्घाटनाचे हसरे, जलपूजनाचे तर दात दाखवून.

"दादा, नाना एक तर हसतात, नाहीतर जेवतात."

शेवटी एक सापडला. डोळे खाली, ओठ मिटलेले, घरचंच कोणी गेल्यासारखे.

"वा! हा कधीचा?"

"तिकीट कापलं त्या दिवसाचा."

पियुषनं जरा विचार केला. "चालेल. दुःख खरं आहे."

"मजकूर? 'जमावानं केलेल्या हत्येचा निषेध'?"

"जमाव नको. ते अख्खं गाव आपलं आहे. 'दुर्दैवी निधन' लिहा."

तो गेला आणि आबांचा राजदीप आला. त्याला 'सरकारच्या नाकर्तेपणाचा बळी' पाहिजे होतं, तेही लाल अक्षरात.

"आणि मारलं गावानं, ते?"

"ताई, गाव आता कुठं आपल्याकडे वळतंय."

एका बाबतीत मात्र दोन्ही पक्षांचं एकमत झालं. तालुक्याचे पदाधिकारी फ्लेक्सवर बसत नव्हते, तेव्हा तोताराम लहान करा. ताटाएवढा तोताराम दुपारपर्यंत वाटीएवढा झाला आणि चारला डबीच्या झाकणावर आला. वर पियुषचा फोन, "मयत हसतोय आणि नाना गंभीर, बरं दिसत नाही. अजून कोपऱ्यात घ्या."

दिपमालानं कोपऱ्यात घेतला. पण सकाळचा शब्द मनातून जाईना. मोठा फ्लेक्स छापला की रोलच्या कडेला हातभर रुंदीची कोरी पट्टी उरते. ती कापून कचऱ्यात जाते. तिनं त्या पट्टीवर तोताराम बसवला. एकटा, पूर्ण हसरा.

भूषणशेठनं मशीनमधून येणारी पट्टी पाहिली. "हे कोणाचं काम?"

"शेठ, मशीनची टेस्ट काढली."

"टेस्ट बरीच हसते." मग त्यानं स्वतःच पट्टी कापली, नीट गुंडाळली आणि रबर लावलं. "सुरकुती पडू देऊ नको."

दुसऱ्या दिवशी नाना आले, फ्लेक्सपुढं बसले आणि उठताना सवयीनं म्हणाले, "बरंय, येतो." दुखवट्याच्या दारावरून उठताना असं कोणी म्हणत नाही. बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

बेबाबाई शांतपणे म्हणाली, "नका येऊ, नाना. एकदाव बस शे."

दुपारी आबाही बसून गेले.

आठवड्यानं दिपमाला बेबाबाईकडे गेली, तर अंगणात बकऱ्यांवर नाना आणि आबा शेजारी शेजारी ताणून बांधलेले. नाना गंभीरच होते. त्यांच्या खाली एक बोकड निवांत रवंथ करत होता.

"सावली चांगली पडस," बेबाबाई म्हणाली. आत भिंतीवर पट्टी होती.

नानांचं गाव नानांकडे राहिलं, आबांकडेही जरा वळलं. शेठची गिऱ्हाइकं टिकली. दिपमालाला वारा मिळाला, बकऱ्यांना सावली. किंमत एकट्या तोतारामनं मोजली, आणि त्या घरात हसत होता तोही एकटाच.