सुलोचनाबाईंच्या दोषांचं गाऱ्हाणं

सुलोचनाबाईंना आयुष्यात एकदा तरी अशा सभेला जायचं होतं, जिथे खुर्च्या दुसऱ्या कोणीतरी मांडलेल्या असतील. यात हसण्यासारखं काही नाही. गोव्यातल्या सर्वण गावच्या ‘सोबत’ संस्थेत गेली बावीस वर्षं खुर्च्या मांडणं, उचलणं आणि शेजाऱ्यांनी बारशाला नेलेल्या परत मागून आणणं ही कामं बाईच करत आल्या होत्या. आणि खुर्च्या हे सगळ्यात हलकं काम. सर्वणपासून कारापूरपर्यंत जी म्हातारी माणसं घरात एकटी उरली आहेत, त्यांना संस्था दुपारचा डबा पोचवते. रोज चौसष्ट डबे निघतात, आणि एकूणएक डब्याचं झाकण बाई स्वतः दाबून बघतात.

संस्थेच्या कपाटाची चावी बाईंच्या कमरेला. त्या कपाटात मसाले, साखर, संस्थेचा शिक्का आणि पाहुण्यांसाठीचे फुलाफुलांचे कप. बावीस वर्षांत बाईंनी रजा घेतली ती एकदाच, अकरा वर्षांपूर्वी, मांद्र्याला भाचीच्या लग्नासाठी तीन दिवस. त्या तीन दिवसांत एकही डबा चुकला नव्हता. जाण्याआधी आपण चार पानभर सूचना लिहून ठेवल्या होत्या, म्हणून हे जमलं, असं बाई अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

तर अशा बाईंना शीतलने एका सकाळी जाहिरात वाचून दाखवली. शीतल म्हणजे संस्थेचा संगणक सांभाळणारी मुलगी. बेंगळुरूची एक फाउंडेशन सामाजिक क्षेत्रातल्या अनुभवी नेतृत्वाला फेलोशिप देणार होती. सहा आठवडे कुन्नूरच्या थंड हवेत राहायचं, शिकायचं, आणि त्या काळात आपल्या संस्थेला एकदाही फोन करायचा नाही.

“थंय चाय हातात मेळता?” बाईंनी विचारलं.

“तसां लिवलेला नाय, बाई. पण फोटोत एक माणूस ट्रे घेऊन उभो आसा.”

बाईंनी तो फोटो मोठा करायला लावला. माणूस खरोखरच ट्रे घेऊन उभा होता, आणि त्याच्या मागे खुर्च्या गोलाकार मांडलेल्या होत्या. बाईंनी त्याच दिवशी अर्ज भरला.

पहिल्या दोन फेऱ्या बाई सहज पार झाल्या. घोडं अडलं ते तिसऱ्या फेरीत. तिसऱ्या फेरीत सहकाऱ्यांनी आपल्या नेत्याच्या उणिवा लिहायच्या होत्या, तेही नाव न देता. फाउंडेशनच्या सेजल नावाच्या मुलीचा, मूळच्या पुणेकरणीचा, आठ दिवसांनी ईमेल आला. पाचही जणांनी ‘बाईंमध्ये एकही उणीव नाही’ असं लिहिलं होतं. एकाने त्याच्या खाली ‘पायात चप्पल न घालता अंगणात जातात’ एवढी भर घातली होती. सेजलने नम्रपणे कळवलं होतं की ज्यांना शिकण्यासारखं काहीच उरलेलं नाही, त्यांच्यासाठी ही फेलोशिप नाही. आता एकच संधी होती. येत्या शुक्रवारी सहकाऱ्यांनी व्हिडिओवर, बाईंच्या समोर, मोकळेपणाने बोलायचं.

ट्रेवाला माणूस डोळ्यांपुढून हलेना. त्यांनी सगळ्यांना ओसरीवर बोलावलं.

“माझे दोष सांगूक तुमका काय झालां?” बाई कडाडल्या. “माझ्या पाठीमागसून काय बोलतास, तां माका ठावक आसा. तांच तोंडार बोला.”

स्वयंपाकघर सांभाळणारी भाग्यलक्ष्मी, दोडामार्गहून इथे नांदायला आलेली, हातातल्या फडक्याच्या घड्या घालू लागली. डब्यांचा टेंपो चालवणारा गौरेश छपराकडे बघत म्हणाला, “बाई, दोष आसतो तर आमी सांगलो नसतो?”

शेवटी बाईंनीच दोष वाटून दिले. त्यांना तशी सवयच होती.

“गौरेशा, तू सांगायचां, बाई हुकूम सोडतत. शीतल, तू सांगायचां, बाई कोणाचां ऐकणत नाय.”

“माका सोपो दोष दिया, बाई,” भाग्यलक्ष्मी काकुळतीला आली.

“तू सांग, बाई तापट आसत.”

“पण बाई, हुकूम सोडतत म्हणजे कसां?” गौरेशने विचारलं.

“आता सोडतंय तसो.”

तीनदा तालीम झाली. गौरेशच्या बोलण्यात म्हणावा तसा राग येत नाही, म्हणून बाईंनी त्याला दोनदा जास्त म्हणायला लावलं. शेवटच्या खेपेला तो चांगला रागावून बोलला, मग बाईंच्या पाया पडला आणि टेंपो घेऊन निघून गेला.

शुक्रवारी बाईंनी खुर्च्या मांडल्या, मेजावर लॅपटॉप ठेवला आणि कोपऱ्यात जाऊन बसल्या. पडद्यावर सेजल आली. चष्मा, मोकळे केस, हातात पेन.

“काकू, तुम्ही फक्त ऐकायचं हं,” ती गोड आवाजात म्हणाली. “मध्ये बोललात तर ही फेरी रद्द होते.”

बाईंनी तोंडावर पदर धरला.

गौरेश उठला. त्याने हात जोडले. “बाई हुकूम सोडतत, असां सांगाक बाईंनी सांगलेला आसा,” तो म्हणाला आणि बसला.

सेजलने काहीतरी लिहून घेतलं. मग शीतल उठली. तिला आपला दोष आठवेना, म्हणून तिनेही बाई हुकूम सोडतात असंच सांगितलं. भाग्यलक्ष्मीने ‘बाई तापट’ इथपर्यंत मजल मारली आणि तिला रडू कोसळलं. “माझ्या बाळंतपणात ह्याच बायन माका पेज भरवली हो,” म्हणत ती पदराने डोळे पुसत राहिली.

सेजलने पेन खाली ठेवलं. बाईंना ते दिसलं. कुन्नूर गेलं, ट्रे गेला, खुर्च्या गेल्या. त्यांना पहिल्यांदाच आपल्या माणसांचा मनापासून राग आला. इतकी वर्षं यांनी आपल्याला जीव लावला, पण एक धड दोष काही यांना सांगता येईना.

तेवढ्यात बाबुराव आले. बाबुराव संस्थेचे अध्यक्ष, वय शहात्तर, आणि गावात कुठल्याही कार्याचं गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. काखेत नारळ होता.

“नारळ नाय, गाऱ्हाणां नाय, नी सुरवात केल्यात?” ते दारातूनच गरजले. “म्हणान अडलां तुमचां.”

कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या आणि नारळ मेजावर लॅपटॉपच्या पुढ्यात ठेवला. नारळ समोर आलेला बघून तिकडे सेजलचे हात आपसूक जोडले गेले. इकडे सगळे उभे राहिले.

गाऱ्हाण्यात बोलणारा एक असतो आणि ऐकणारा देव. बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला हुंकार भरायचा. बोलणाऱ्याने आडपडदा ठेवायचा नाही, आणि काही राहिलंच तर मागच्यांनी त्याच्या कानात आठवण करून द्यायची. म्हणजे हे सगळं देवाला सांगायचं. बाईंना कोणी काही सांगत नव्हतं.

“बा देवा म्हाराजा, गावच्या राखणदारा,” बाबुरावांनी आवाज लावला, “आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे उभी आसत.”

“व्हय म्हाराजा!”

“आमची सुलोचना बावीस वर्सां ह्या कामात रगडली, नी आता चार गोष्टी शिकाक भायर जाऊक बघता.”

“व्हय म्हाराजा!”

“तिच्या हातसून काय चुकलां-माकलां आसात, तां पोटात घाल म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!”

इथे बाबुराव नेहमीप्रमाणे पुढच्या वाक्याकडे वळणार होते. पण भाग्यलक्ष्मी पुढे सरकली आणि त्यांच्या कानाशी पुटपुटली. बाबुरावांनी मान डोलावली.

“आमटी रोज तीनदा कुलेरीन चाकून बघता, नी बावीस वर्सां रांधणाऱ्या बायलेच्या हातार इस्वास ठेवणा नाय, तां पोटात घाल म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!” भाग्यलक्ष्मीचा आवाज सगळ्यांत खणखणीत होता.

मग गौरेश कानाला लागला.

“टेंपोत बाजूक बसता, नी जंय बिरेक नाय थंय पाय दाबून दाबून टेंपोचो पत्रो खाली केल्यान, तां पोटात घाल म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!”

शीतलला आता धीर धरवेना. ती जवळजवळ बाबुरावांच्या खांद्यावरच चढली.

“शीतलीन लिवलेल्या पत्रातलो एक शब्द बदलता, नी ‘सगळां माकाच करूचां लागता’ म्हणान गावभर सांगता!”

“व्हय म्हाराजा!”

“सगळ्यांचां मत इचारता, नी मत येवच्या आदी निर्णय फळ्यार लिवन मोकळी होता!”

“व्हय म्हाराजा!”

“तुमका काय कळणा नाय, ह्यां दिसाक धा वेळा म्हणता!”

“व्हय म्हाराजा! व्हय म्हाराजा!”

सेजल झरझर लिहीत होती. तिने पान उलटलं. बाईंचा पदर तोंडावर होता आणि पदराआड दात एकमेकांवर. एकेका दोषावर त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. आमटीत मीठ दोनदा पडलं होतं ते साल, तो वार त्यांना पाठ होता. पण बोललं की फेरी रद्द. बावीस वर्षांत बाई इतका वेळ गप्प बसल्याचं कोणाच्या पाहण्यात नव्हतं.

मग एकाएकी सगळे थांबले. भाग्यलक्ष्मीने गौरेशकडे बघितलं, गौरेशने शीतलकडे. शेवटी गौरेशच पुढे झाला आणि बराच वेळ बाबुरावांच्या कानाशी बोलला. बाबुरावांनी एकदा बाईंकडे बघितलं. त्यांचा आवाज उतरला.

“नी म्हाराजा, आता आमच्या हातसून जां चुकलां, तां पण पोटात घाल.”

“व्हय म्हाराजा.”

“सुलोचना भाचयेच्या लग्नाक मांद्र्याक गेल्ली. चार पानां सूचना लिवन कपाटात ठेवल्यान. मसालोय कपाटात. कपाटाक कुलूप लावल्यान, नी चावी कमरेक लावन मांद्र्याक गेली.”

“व्हय म्हाराजा.”

“तेव्हा आमी डिचोलीच्या बाजारातलो चावीवालो हाडलो, नी दुसरी चावी करून घेतली. मसालो तेवडो काढलो, चार पानां कोणी वाचूक नाय. ती मिठाच्या बरणयेत आसा. इकरा वर्सां आमी ती वापरतो. तां पोटात घाल म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” हा हुंकार अगदी बारीक होता.

बाईंचा हात कमरेकडे गेला. चावी तिथेच होती. अकरा वर्षं आपण जी जिवापाड राखली, ती चावी कोणालाच नको होती. त्या तीन दिवसांत डबे पोचले, ते आपल्या चार पानांवाचून. बाईंना वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. इतकं वाईट तर नवरा लग्नाचा वाढदिवस विसरला तेव्हाही वाटलं नव्हतं. डोळे भरून आले आणि समोरची सेजल, नारळ, माणसं सगळी पाण्यात बुडाली.

बाबुराव मात्र गाऱ्हाणं अर्धं सोडणारे नव्हते.

“आता ही थंय जातली, तर हिका सुखान जावंदे. हिच्या मागे चौसष्ट डबे येळार पोचांदे.”

“व्हय म्हाराजा!”

“नी ते पोचले, म्हणान हिच्या मनाक लागा नये, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!”

त्या हुंकारात एक आवाज जास्तीचा होता. सगळ्यांनी वळून बघितलं. बाईंचा पदर तोंडावरून खाली आला होता. देवापुढचं गाऱ्हाणं होतं, हुंकार न भरून कसं चालेल?

बाबुरावांनी नारळ उचलला आणि मेजावरच आपटणार, तोच गौरेशने लॅपटॉप खेचून पोटाशी धरला. नारळ दोन बरोबर भकलांत फुटला. गौरेशच्या पोटाशी सेजल आडवी झाली होती.

“काकू,” ती तशीच आडवी म्हणाली, “तुम्ही बोललात. नियमात बसत नाही.”

मग तिने फॉर्मचं पान मागे उलटलं.

“पण हा अभिप्राय म्हणून धरता येईल,” ती म्हणाली. “स्वतःविषयीचा. तो रकानाही रिकामाच होता.”

पंधरा दिवसांनी निवडीचं पत्र आलं. जायच्या दिवशी बाईंनी सूचना लिहायला कागद घेतला, पेन उघडलं, आणि कागदाची घडी करून खिडकीच्या फटीत खोचली, कारण ती खिडकी वाऱ्याने वाजत असे. गौरेश त्यांना टेंपोने थिवीच्या स्टेशनवर सोडायला निघाला. बाईंनी पाय आखडून धरले होते. फक्त अस्नोड्याच्या वळणावर एकदा पत्रा वाजला.

“दाबा, बाई,” गौरेश म्हणाला. “आता सहा आठवडे दाबूक मेळाचा नाय.”

स्टेशनवर बाईंनी कमरेची चावी काढून त्याच्यापुढे धरली. हे करायला त्यांना बराच वेळ लागला. गौरेशने ती घेतली नाही.

“ती तुमच्याकडेच ऱ्हवांदे. थंय हाताक काय तरी होया. आमच्याकडे आसा.”

कुन्नूरच्या सभागृहात खुर्च्या गोलाकार मांडलेल्या होत्या. सगळ्या सरळ, फक्त दाराजवळची एक जरा तिरकी. बाईंनी त्या खुर्चीकडे बघितलं. इकडेतिकडे बघितलं. हात पुढे गेला, मागे आला, आणि कमरेच्या चावीवर जाऊन थांबला. मग त्या गेल्या आणि त्याच खुर्चीवर, तिला न हलवता, तिरक्या बसल्या.

“टी, मॅडम?” कोणीतरी बाजूने विचारलं.

वर बघितलं, तर फोटोतला माणूस. हातात ट्रे.

“व्हय म्हाराजा,” सुलोचनाबाई म्हणाल्या.