कबूल, नाकबूल

शिरूरच्या कोर्टात शाकीरचं नाव पुकारलं, तेव्हा त्याची थोरली बहीण रुबी त्याच्या मागोमाग पिंजऱ्यापर्यंत गेली. तिथं शिपायानं तिला अडवलं.

शाकीर सव्वीस वर्षांचा, जन्मापासून स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक. यंत्राची घरघर ऐकली की पाय तिकडंच वळायचे. मांडवगणच्या वाटेवरच्या एका गोदामात मोटर चालू होती आणि फाटक उघडं, म्हणून हा आत गेला. राखणदार गेणबानं दंड धरला, यानं ढकललं. म्हाताऱ्याचं मनगट मोडलं. मालकानं फिर्याद दिली.

"गुन्हा कबूल आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"कबूल आहे," शाकीर म्हणाला.

विधी सेवा समितीनं दिलेल्या वकील धनश्री गोरडे उठल्या. "साहेब, तो शेवटचे शब्द परत म्हणतो. उलटं विचारून पाहावं."

"गुन्हा नाकबूल?"

"नाकबूल," शाकीर त्याच सुरात म्हणाला.

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. रुबीला पुढं बोलावून, याच्याशी बोलायचं कसं, असं विचारलं.

"शिपायाला त्याचा हात सोडायला सांगा, साहेब. आन् तो पंखा लई खडखडतोय."

हात सुटला, पंखा बंद झाला. शाकीरचं मघापासूनचं डोलणं हळूहळू थांबलं. रुबीला राहवलं नाही. "शाकीर, मोटरपाशी काय झालं?"

"मामानं धरलं. ढकललं. मामा पडला."

सगळं कोर्ट ऐकत होतं. आपणच त्याला तोंडघशी पाडलं की काय, या धास्तीनं तिनं वकीलबाईंकडं पाहिलं. पण त्या आधीच बोलत होत्या, "हे जबाबात धरू नये." न्यायाधीशांनी ते मान्य केलं, कबुली नोंदवली नाही. आधी डॉक्टरांची तपासणी, आणि पुढच्या प्रत्येक तारखेला बहीण शेजारी बसेल, असा हुकूम दिला. खटला मात्र चालूच राहिला.

बाहेर लिंबाखाली गेणबा प्लास्टरमधला हात गळ्यात बांधून उभा होता.

"मला वाटलं, पिऊन आलाय," तो म्हणाला. "फिर्याद मालकाची हाय, पोरी. माझ्या हातात न्हाई. पर पुन्हा आला, तर आडवायचं कसं?"

"अंगाला हात लावू नका, मामा. लांबूनच नावानं हाक मारा. थांबंल."

"आन् न्हाईच थांबला तर?"

"मला फोन करा," ती म्हणाली, आणि नंबर सांगू लागली.