दोरा पुरला नाही त्या दिवशी

घाबरू नका मित्रांनो, टोचत नाही. माझं टोक आता बोथट झालं आहे आणि नेढ्यापाशी जरा गंजही चढला आहे. मी एक म्हातारी सुई. प्नोम पेन्हमधल्या एका नाचमंडळीच्या कपड्यांच्या खोलीत, लाल उशीवर माझा मुक्काम असतो. एवढीशी दिसते म्हणून हसू नका. राजकन्या काय, राक्षस काय, माझ्याशिवाय कुणाचं पाऊल रंगमंचावर पडत नाही.

त्याचं कारण असं, की आमच्या नाचातल्या पोशाखाला ना बटण, ना हूक. खेळाच्या आधी तो मुलीच्या अंगावरच शिवायचा आणि खेळ संपला की टाके कापून तिला मोकळं करायचं. हे काम येय सारेतचं. येय म्हणजे आजी, आणि ती सगळ्या मंडळीचीच आजी आहे. उपासमारीची वर्षं नुकतीच सरली होती तेव्हा तिने मला बाजारातून आणलं. नाच येणाऱ्या बायका देशात त्यातून थोड्याच वाचल्या होत्या. त्या वर्षांनंतर त्या पहिल्यांदा नाचल्या तेव्हा मी येयच्या सदऱ्यात खोचलेली होते. हाडं दिसत होती त्यांची, पण बोटं अशी मागे वळली की मी थक्क झाले. मी पोलादाची, पण वाकवलं तर मोडणार. ही हाडामांसाची माणसं इतकी मोडली होती आणि तरी वाकत होती!

येयचं एक माप ठरलेलं. खांद्यापासून बोटांपर्यंत दोरा ओढायचा, त्याला मेण लावायचं आणि कंबरेभोवतीचा शेवटचा वेढा तेवढ्यात संपवायचा.

कुन्थिया आमच्याकडे आली ती लहानपणीच. सोळाव्या वर्षी ती उंच झाली, रुंद खांद्यांची झाली. वान्नीबाई नाच शिकवायच्या. त्यांनी तिला राक्षसाचं काम दिलं.

"राक्षसाला असेच खांदे लागतात," बाई म्हणाल्या. बाईंच्या तोंडून ही मोठी शाबासकीच होती. पण बाकीच्या पोरींना आयतं कोलीत मिळालं.

"ए राक्षसा, आमच्या वाटचा भात ठेव हं थोडा!"

कुन्थियाही त्यांच्याबरोबर हसली. मी तिच्या कंबरेशी होते, म्हणून मला कळलं की हसता हसता तिने पोट आत ओढून घेतलं होतं.

एका टोमण्याने कुणी आजारी पडतं असं नाही, मित्रांनो. तिच्या मनात आणखी काय काय साठलं होतं ते मला ठाऊक नाही. पण त्यानंतर येयचा दोरा उरायला लागला. आधी बोटभर, मग वीतभर. आमच्याकडे भेटल्यावर पहिला प्रश्न असतो, "भात खाल्लास का?" आणि उत्तर असतं, "खाल्ला." विचारणारा तोवर पुढे गेलेलाही असतो. कुन्थिया रोज सगळ्यांना "खाल्ला" म्हणायची.

कुणाला काळजी वाटली नाही, उलट ती बारीक झाली म्हणून तिचं कौतुकच झालं. बाईंनी तिला राजकन्येचं काम दिलं. येय तर उरलेला दोरा सगळ्यांना नाचवून दाखवायची.

"पोरी, तुझ्यामुळे माझा दोरा वाचतो बघ!"

मला मात्र निराळंच दिसत होतं. तिची कातडी थंडगार झाली होती. पाठीवर बारीक, मऊ लव आली होती. आणि एक गोष्ट मला फार लागली. शिवताना चुकून टोचलं तर पूर्वी पुढच्या खेळापर्यंत त्याची खूणही उरत नसे. मी आयुष्यभर कापड शिवलं, पण कापड कधी आपणहून सांधलं नाही. माणसाचं अंग मात्र आतून स्वतःला शिवतं, सुईशिवाय, कुणाला न सांगता. ह्याचं मला आजही नवल वाटतं. आता तिच्या पाठीवरचे जुने ठिपके तसेच राहत होते. आतला दोरा संपला होता.

एका संध्याकाळी खेळाआधी येयचा हात त्या पाठीवर थबकला. तिने ठिपके पाहिले, लवेवरून बोट फिरवलं आणि मला उशीत खोचून ठेवलं.

"येय, आटपा! वाद्यं लागली," वान्नीबाई दारातून म्हणाल्या.

"आज मी हिला शिवणार नाही."

"अहो, बाहेर पाहुणे खोळंबलेत!"

"खोळंबू देत. आधी पोरीची पाठ बघ, वान्नी. माझ्या धाकट्या लेकीची पाठ अशीच झाली होती, उपासमारीच्या त्या वर्षांत. ती नाही वाचली."

बाईंनी पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. त्या दिवशी राजकन्या दुसरीच कुणी नाचली.

पण मग येयने घोटाळा केला. भाताचं भरलेलं ताट आणि सुकी मासळी आणून तिने मुलीपुढे ठेवली. "खा सगळं! आम्ही झाडाचा पाला चावून जगलो, आणि तू घरात तांदूळ असून उपाशी राहतेस? लाज नाही वाटत?"

कुन्थियाने घास उचलला. तोंडापर्यंत नेला आणि परत ताटात ठेवला.

"भूक लागते गं येय," ती रडत म्हणाली. "पण घास उचलला की आत कुणीतरी ओरडायला लागतं. ते गप्पच बसत नाही."

येयने ताट बाजूला सारलं. "तांदूळ मिळाले तेव्हा मलाही गिळवेना," ती म्हणाली. "शेजारीण नुसती पेजेची निवळ पाजायची, चमच्याचमच्याने. माझ्यावर एकदाही ओरडली नाही. आणि मी तुझ्यावर ओरडले."

दुसऱ्या दिवशी येय आणि कुन्थियाची आई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. परत आल्यावर येयने खोलीत सगळ्यांना बसवून सांगितलं, "हा हट्ट नाही, नखरा नाही, आजार आहे. हृदयाचे ठोकेसुद्धा मंदावलेत पोरीचे. औषधपाणी मनालाही लागेल आणि शरीरालाही. खाणं डॉक्टर सांगतील तसं, हळूहळू वाढवायचं. आणि तिच्या अंगाविषयी कुणी चकार शब्द काढायचा नाही. कौतुकाचासुद्धा नाही! माझ्यासकट."

बरं होणं सरळ रेषेत झालं नाही. कधी ती दोन दिवस नीट जेवायची, तर कधी वाटी भिंतीवर आदळायची. येय आता "भात खाल्लास का?" विचारून तिथेच उभी राहायची. एकदा उत्तर आलं, "नाही खाल्ला, येय."

"बरं झालं सांगितलंस. मीही जेवायची थांबलेय. चल." दोघींनी खाऱ्या अंड्याबरोबर पेज खाल्ली. कुन्थियाने अर्धी टाकली. येयने वाटी मुकाट्याने धुतली.

वर्ष उलटून गेलं. डॉक्टरांनी नाचायला हरकत नाही म्हटलं, तेव्हा कुन्थिया स्वतःच बाईंपुढे जाऊन उभी राहिली. "बाई, मला राक्षस द्या."

पोशाख चढला. येयने नेहमीच्या मापाने दोरा ओढला, मेण लावलं आणि मी कंबरेभोवती निघाले. तिची कातडी उबदार होती. पाठीवर एकही जुना ठिपका नव्हता. आणि वेढा पुरा व्हायच्या आतच मी अडले. दोरा पुरला नाही.

"काय झालं गं येय?"

"काही नाही. दोरा संपला, दुसरा घेते." एवढंच बोलून येयने तोंड फिरवलं. शब्द दिला होता ना तिने! पण तिचे डोळे इतके भरले होते, की नवा दोरा माझ्या नेढ्यात काही केल्या जाईना. शेवटी कुन्थियानेच तो ओवून दिला.

मग राक्षसाने रंगमंचावर पाय आपटला. पार आत, उशीत खोचलेली मी हादरले. केवढं बळ होतं त्या पायात!

मित्रांनो, मी आता फारशी कामाची नाही, पण एक मागणं आहे. तुमच्यापैकी कुणाच्या आत असं कुणी ओरडत असेल, तर ते एकट्याने सोसू नका, घरातल्या मोठ्यांना सांगा. आणि कुणाला "जेवलास का?" असं विचारलंत, तर उत्तर येईपर्यंत जागचे हलू नका.