डागवाल्याचं शटर

मी शटर. डागवाल्याच्या दुकानाचं. करकरतो म्हणून सगळे नाकं मुरडतात, पण थेंबभर तेल घालायला एकाचाही हात पुढे येत नाही. तरी आज बोलणार आहे. कान असतील त्यांनी ऐका.

कारखान्यात माझ्या पट्ट्या एकीत एक अडकवल्या, तेव्हा वाटलं होतं, सोनाराकडे जाऊ. आलो कपडे धुण्याच्या दुकानात. नवरा डाग काढणार, बायको इस्त्री करणार. लांबून आलेली माणसं. बोलण्याचा हेल वेगळा, प्रार्थना वेगळी. गल्लीने त्याचं नाव डागवाला पाडलं ते खरंच होतं. डाग दिसला की त्याच्या हाताला खाज सुटायची. गप्पा मारता मारता समोरच्याची कॉलर घासायला लागेल असा माणूस.

एका सकाळी माझ्या अंगभर लाल तेलरंग. मला कुठलं वाचता येतंय? बायकोने वाचलं, तेही पुटपुटत. तुमच्यासारख्यांनी इथून चालतं व्हावं, नाहीतर हेच शटर बाहेरून बंद करून आत पेटवू. म्हणजे ज्याने राखण करायची, त्या माझ्याच हातून यांना मारणार. लोखंड असून मला कापरं भरलं.

आणि डागवाल्याने काय केलं? टर्पेंटाइन आणलं, चिंधी घेतली आणि मला लख्ख पुसलं. मग गेला पोलीस ठाण्यात.

ठाण्यातल्या बाई आल्या. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो, एवढं स्वच्छ कशाला केलंत?"

"डाग होता," तो म्हणाला.

बाईंनी समजावलं. नुसता रंग फासला तर ती नासधूस. पण तुम्ही अमक्या लोकांपैकी आहात म्हणून धमकावलं, तर तो गुन्हा वेगळा. तो एका घरावर नसतो. तुमच्यासारख्या प्रत्येकाने रस्त्यातून मान खाली घालून जावं, यासाठी असतो. कलम वेगळं, शिक्षा मोठी. पण दाखवायला अक्षरं लागतात. पुन्हा झालं तर बोट लावू नका.

पुन्हा होणार, हे त्यांनी किती सहज सांगितलं! तेव्हापासून बायको उजेड असतानाच मला खाली ओढू लागली. बाहेर पाऊल वाजलं की इस्त्री हवेतच थांबायची.

पुन्हा झालंच. तोच रंग, तीच धमकी.

"पुसा ना," बायको म्हणाली. "लोक बघतायत."

"बघू देत." दोन्ही हात काखेत दाबून तो उभा राहिला. हात सुटले असते तर पुसूनच मोकळा झाला असता.

फोटो काढले, पंचनामा झाला, बाईंनी माझा थोडा रंग खरवडून नेला. तपास संपेपर्यंत पुसायचं नाही. मला वर गुंडाळलं की अक्षरंही गुंडाळून त्या दोघांच्या डोक्यावर बसायची. समोरचा न्हावी म्हणाला, पोरांची मस्करी, कशाला पराचा कावळा करता. ज्याचं जळतं त्याला कळतं, याचं काय जळत होतं?

गिऱ्हाईक आटलं. नर्सबाई तेवढ्या येत राहिल्या. गल्लीतल्या निम्म्या पोरांना इंजेक्शनं त्यांनीच दिलेली. एका दुपारी लेकाचा शर्ट घेऊन आल्या.

"फेकून दे म्हणाला. म्हटलं, नवा कोरा शर्ट, आपले डागवाले आहेत ना."

डागवाल्याने बाही उलटी केली. लाल. मागे इस्त्री थांबली ती कुणाच्या तरी उशीच्या खोळीवरच.

"कशाचा रंग हा?"

"दाराला देत होता म्हणे. पण आमची दारं तर निळी..." नर्सबाई बोलता बोलता थांबल्या. मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खोळ जळाल्याचा वास यायला लागला.

त्यांनी एक बाही पकडली. दुसरी त्याच्या हातात.

"दादा, एकच लेक आहे मला."

"ताई, हा डाग मला काढता येतो," तो म्हणाला. "पण काढणार नाही."

आधी हात सुटला तो नर्सबाईंचा. पिशवी तिथेच राहिली.

शर्ट ठाण्यात गेला. रंग जुळला. लेकाने कबूल केलं. मोठं कलम लागलं. आता तो जामिनावर आहे, खटला चालू आहे. न्हावी म्हणतो, बिचाऱ्या नर्सबाईंचं वाटोळं केलं या परक्यांनी. परवा तो लेक माझ्या पट्ट्यांवरून किल्ली ओढत गेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आत बायकोने तोंडावर पदर दाबला.

मला आता पुसलंय. ठाण्यातल्या बाईंनी परवानगी दिली. डागवाल्याने सगळं कसब लावलं, तरी उन्हात बघाल तर अक्षरांची सावली दिसते.

माझं एवढंच मागणं आहे. रोज सकाळी कुलूप काढायच्या आधी तो माझ्यावरून तळवा फिरवतो. माया नाही ती. फिरवून झालं की हात उजेडात धरून बोटं बघतो, रंग लागलाय का. समोर तुम्ही सगळे चहा पीत उभे असता. एखाद्या सकाळी रस्ता ओलांडून या. तो बोटं बघेल तेव्हा कुणीतरी शेजारी असावं.