एका वेळी एकानेच उलटं व्हायचं

हात दिसतात, सुई दिसत नाही. सुई दिसली तर धागा दिसत नाही. आणि धागा दिसलाच, तर त्याच्यामागे दोरीवर वाळत घातलेला माझ्या नवऱ्याचा बनियन त्याहून ठळक दिसतो.

माझी पहिली टेप पाहून चॅनलच्या मॅडम असं म्हणाल्या होत्या.

मी रफू करते. जळलेलं, फाटलेलं, कसर लागलेलं कापड असं जोडते की गिऱ्हाईक घरी जाऊन भोक शोधत बसतं. हे शिकवण्याचा कार्यक्रम मला करायचा होता. घरूनच, आमच्याच कॅमेऱ्यावर. मॅडम वाईट काही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की यात रफू कमी आणि संसार जास्त आहे. शुक्रवारी दुपारी त्या आमच्या भागात येणार होत्या, तेव्हा डोकावणार होत्या. समोर बसून काम करायचं, त्या टीव्हीवर बघतील. जमलं तर कार्यक्रम माझा. नाहीतर ती वेळ वेण्या घालायला शिकवणाऱ्या बाईंची.

म्हणून नळकांडं.

(हा शब्द माझ्या सासऱ्यांचा. नवरा त्याला अ‍ॅडॅप्टर म्हणतो, आणि म्हणताना जरा उंच होतो.)

*

चकती आधी की पाइप आधी? पाइप आधी सांगते, कारण पाइपाने त्रास दिला नाही.

नवरा मिक्सर, पंखे, असलं फिरणारं सगळं दुरुस्त करतो. त्याचं म्हणणं, आपल्या व्हिडिओ कॅमेऱ्याला भेदभाव येत नाही. जवळचं, लांबचं, त्याला सगळं सारखंच स्पष्ट. जुन्या फोटोच्या कॅमेऱ्याची लेन्स मात्र पक्की खडूस. एकाकडेच बघते, बाकीच्यांना ओळखसुद्धा दाखवत नाही. तर ती लेन्स पुढे लावायची, व्हिडिओ कॅमेरा मागे, मध्ये पाण्याच्या पाइपाचा तुकडा आणि पाइपात एक दुधी चकती. लेन्सने चकतीवर चित्र पाडायचं. कॅमेऱ्याने ते चित्र टिपायचं.

चकती म्हणजे सीड्यांच्या गठ्ठ्यावर एक कोरी, आरपार दिसणारी येते, ती. बारीक पॉलिश पेपरने घासून तिला दुधी केली. चित्र पडलं. सुंदर पडलं. फक्त त्यावर कोणीतरी वाळू सांडल्यासारखं दिसत होतं, कारण चकतीचे ओरखडेही चित्रात येत होते.

मग चकतीला छोटी मोटर लावून ती गरागरा फिरवली. वाळू गेली.

चित्राला हुडहुडी भरली.

मोटर थरथरायची, तिच्यामुळे पाइप, पाइपामुळे सगळं. नवऱ्याने खाली रबर घातलं, स्पंज घातला, चपलेचा तळवा कापून घातला. सासरे येता-जाता म्हणायचे, एक ना धड, भाराभर चिंध्या. शेवटी मी त्याच्या पायजम्याचं इलॅस्टिक ओढून काढलं, त्याचे तुकडे केले, पाइपाला भोकं पाडायला लावली आणि मोटर चारी बाजूंनी टाके घालून आत झोपाळ्यासारखी टांगली. थरथर इलॅस्टिकात जिरली. चित्र गप्प उभं राहिलं.

नवरा खोलीभर नाचला. एका हाताने. दुसऱ्या हाताने पायजमा धरला होता.

*

शुक्रवार. आतल्या खोलीत मी, खिडकीजवळ, टेबलावर गिऱ्हाइकाचा करडा लोकरी कोट, कोपरावर भोक. माझ्यासमोर नवरा, तिकाटण्यावर कॅमेरा, कॅमेऱ्याला नळकांडं. माझ्या मागे गॅलरी आणि भरलेली दोरी. कपडे काढायचे राहिले ते राहिलेच. बाहेरच्या खोलीत टीव्ही आणि सासरे. मध्ये भिंत, दारातून गेलेली एक वायर.

वायर जोडली.

बाहेरून सासऱ्यांचा शांत आवाज आला. "सूनबाई, तू छताला लटकली आहेस."

इथे थोडं मागे न्यायला हवं. लेन्स चित्र पाडते ते खाली डोकं वर पाय असं पाडते. हे नवऱ्याला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. म्हणूनच तर तो आठवडाभर कॅमेऱ्याचा छोटा पडदा उलटा फिरवून बघत होता. सरळ दिसायचं. सरळ दिसायची इतकी सवय झाली की ते उलटं आहे हेच आम्ही विसरलो. टीव्हीला आज पहिल्यांदा जोडलं होतं.

नवरा म्हणाला, नंतर संगणकावर सरळ करता येईल. मी विचारलं, नंतर म्हणजे? आमच्या संगणकावर नंतर म्हणजे संध्याकाळ.

बेल वाजली.

*

आत: नवऱ्याला सुचलं. कॅमेराच उलटा टांगला की चित्र सरळ. त्याने तिकाटण्याचा मधला दांडा उपसला, खालून घातला आणि कॅमेरा वटवाघळासारखा लटकवला.

बाहेर: सासऱ्यांना सुचलं. टीव्हीच उलटा ठेवला की चित्र सरळ. त्यांनी टीव्हीखाली उशी घातली आणि त्याला शीर्षासनात उभा केला. मग दार उघडलं. मॅडमना बसायला सांगितलं.

आत: "बघा आता, बाबा."

बाहेर: मी लटकलेलीच.

आत: नवऱ्याचा चेहरा पडला. त्याला वाटलं, आपला हिशेब चुकला. त्याने मुकाट्याने कॅमेरा पुन्हा सरळ केला.

बाहेर: सासऱ्यांना वाटलं, मुलगा एवढा शिकलेला, आपलंच काहीतरी चुकलं. त्यांनी मुकाट्याने टीव्ही सरळ केला.

आत: "आता?"

बाहेर: मी लटकलेलीच.

"पोरा," सासरे म्हणाले, "तुझं हे नळकांडं हट्टी आहे. कुणावर गेलंय ते मी पाहुण्यांसमोर बोलत नाही."

मॅडमनी घड्याळ पाहिलं असणार. मला दिसलं नाही, पण बांगडी सरकल्याचा आवाज भिंतीतून आला. घसा खाकरल्याचाही. आता त्या उठणार, आणि मग वेण्या.

मी सुई कोटाला टोचून ठेवली आणि दारात जाऊन उभी राहिले. डावीकडे पाहिलं: नवरा, हातात दांडा. उजवीकडे पाहिलं: सासरे, काखेत उशी. उशी कशासाठी, असा प्रश्न मला पडला, आणि उत्तरही तिच्यातच मिळालं.

"बाबा, तुम्ही हात बांधून बसा," मी म्हटलं. "आणि तू लटकव. यापुढे या घरात एका वेळी एकानेच उलटं व्हायचं."

मॅडम हसल्या. छोटं हसल्या, पण पर्स पुन्हा खाली ठेवली.

*

सरळ.

कोटाचं कोपर, भोक, भोकाच्या काठावर उभे राहिलेले तंतू. कोटाच्याच आतल्या शिवणीतून काढलेला करडा धागा. सुईचं टोक काठात शिरतं, एक उभा तंतू सोडून दुसऱ्याखालून जातं, बाहेर येतं. हे मी आत करत होते, आणि बाहेर ते हातभर मोठं होऊन टीव्हीवर चाललं होतं, असं सासऱ्यांनी नंतर सांगितलं. सुई सुरीएवढी. धागा दोराएवढा. आणि सुईच्या मागे काहीही नाही. घर नाही, गॅलरी नाही. नुसते लाल, निळे, पिवळे मऊ डाग, वाऱ्यावर हलणारे.

मॅडमनी सासऱ्यांना विचारलं की मागचा पडदा फार छान आहे, कुठून आणला.

सासऱ्यांना खोटं बोलता येत नाही. ते म्हणाले, सुनेने आजच सकाळी धुतलाय.

आतमध्ये नवरा लटकलेल्या कॅमेऱ्यापाशी गुडघ्यांवर बसला होता. माझा हात जरा पुढे आला की तो लेन्सचं कडं केसभर फिरवायचा, मागे गेला की केसभर उलट. श्वास धरून. त्याच्या कपाळावरून घामाचा थेंब नाकापर्यंत आला तरी त्याने पुसला नाही. मी बोलत होते: उभे धागे आधी, ताणायचे नाहीत, कापडाला कळता कामा नये. आवाज माझाच होता, पण मला तो थोडा नवीन वाटला.

मॅडम दारात आल्या. म्हणाल्या, पुरे, मला कळलं, पुढच्या महिन्यापासून दर सोमवारी, आता थांबलात तरी चालेल.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. तो कडं सोडणार होता.

"सोडू नकोस," मी त्याला म्हटलं. मग मॅडमना. "तुम्ही बसा. आडवे धागे राहिलेत. अर्धं रफू म्हणजे मोठं भोक."

त्या बसल्या. ज्यांनी माझ्या संसाराला नाही म्हटलं होतं त्या, सासऱ्यांच्या शेजारी, गुडघ्यांवर हात ठेवून.

मी घाई केली नाही. शेवटचा धागा काठात जिरवला, नखाने कापड चोळलं, कोट तसाच कॅमेऱ्यासमोर ठेवून उठले आणि दारातून बाहेर डोकावले. टीव्हीभर करडी लोकर होती, सपाट, शांत.

"भोक कुठे होतं?" मॅडमनी विचारलं.

सासरे उठले, टीव्हीजवळ गेले आणि छाती काढून पडद्यावर बोट ठेवलं.

चुकीच्या जागी.