सुनेच्या कामाचा आवाज

दुपारची जेवणं व्हायची, भांडी पालथी पडायची, की सृष्टी सोप्यातल्या काँप्युटरपुढं बसायची. आणि ती बसली, की थोड्याच वेळात तिचे सासरे, आकाराम आबा, कानातलं ऐकायचं मशीन काढून डबीत ठेवायचे. डबीचं झाकण टक्‌कन मिटायचं. एवढासा आवाज, पण सृष्टीच्या काळजाला तो बरोबर ऐकू यायचा.

आबा तोफखान्यातले. सारी उमर तोफांच्या शेजारी काढली आणि हवालदार होऊन पलूसजवळच्या आपल्या गावी परत आले, ते कान तिकडंच ठेवून. ऊस वाऱ्यानं हलायचा तो दिसायचा, त्याची सळसळ यायची नाही. मग मुलानं, जयराजनं, मशीन घेऊन दिलं. तोही फौजेतच, सध्या राजस्थानात. मशीन बसवलं त्या दिवशी आबा घरी न येता थेट उसाच्या बांधावर गेले आणि नुसते उभे राहिले होते.

असा माणूस ते मशीन काढून ठेवतो, आणि तेही नेमकं सून कामाला बसली की! सृष्टीनं काय समजायचं?

ती साताऱ्यात वाढलेली. पुण्याच्या एका इंजिनियरसाठी घरांची चित्रं करायची. घराचा पाया अजून खणलेला नसायचा, पण तिच्या चित्रात त्याच्या भिंतीवर सकाळचं ऊन आलेलं असायचं, ओट्यावर चपला काढलेल्या असायच्या. नेट सोप्यातच धड यायचं, म्हणून बसायचंही तिथंच, सासऱ्यांकडं पाठ करून. सासरा-सुनेनं समोरासमोर बोलायची या घरात रीत नव्हती. चहा हवा असला तर आबा सासूबाईंना, म्हणजे राहीबाईंना सांगायचे, राहीबाई सृष्टीला. मग विचारणार कोण? तिनं मनाशी धरलं, की आबांना आपलं काम पसंत नाही. आपली चाहूलसुद्धा नको झालीय त्यांना. आईला फोनवर म्हणालीही, पलूसमध्ये एखादी खोली बघते, तिथं जाऊन काम करते. रागावून बोलले असते तर तिनं सोसलं असतं. हे न बोलता कान मिटणं सोसवत नव्हतं.

अशात मशीन तपासायला आबांना मिरजेला न्यायचं निघालं. राहीबाईंचे गुडघे धरलेले, म्हणून सोबत सृष्टी गेली. एसटीत आबा पुढं बसले, ती मागं.

दवाखान्यातल्या पोरीनं त्रास विचारला. आबा म्हणाले, मशीन बिघडलंय, शिट्टी घालतंय. सकाळी गुमान असतं, दुपार झाली की धरतं. पोरीनं मशीन खोललं, लावून बघितलं, पुन्हा बघितलं. मशीनला काहीच झालं नव्हतं. तोफांनी आबांचे बारीक, उंच आवाज नेलेत, आणि हे मशीन तेच आवाज मोठे करून देतं, असं तिनं समजावलं. मग विचारलं, घरात दुपारी असं काय चालू होतं?

आबा आठवत राहिले. सृष्टीच्या मात्र लगेच ध्यानात आलं. दुपारी चालू होतो तो तिचा काँप्युटर! चित्र रंगवायला लागला की तो तापायचा, आतला पंखा भिंगरीसारखा पळायचा. रोजच्या सवयीनं तिला तो जाणवतही नव्हता.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरल्यावर तिनं सरळ आबांना गाठलं.

"आबा, ती शिट्टी माझ्या काँप्युटरची. आतल्या पंख्याची."

आबा थांबले. "तुझ्या कामाचा आवाज व्हय त्यो?"

"हो."

"मग असू दे की. मी आपला मशीनला नावं ठेवत हुतो. आता ठावं झालं. तू बसलीस की काढून ठेवीन."

इतके महिने जिला रागाची धास्ती होती, तिच्या पदरात हे पडलं. रागापेक्षा ते जास्त लागलं. आता आबा जाणूनबुजून, तिच्यासाठी, रोज दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बहिरे होऊन बसणार. दारात कुणी आलं तर नुसती मान हलवणार.

"मला वाटायचं, मी तुम्हाला नकोशी झालेय," ती म्हणून गेली. "म्हणून तुम्ही कान मिटता."

आबांनी तिच्याकडं नीट बघितलं. घरात आल्यापासून बहुधा पहिल्यांदाच. "खुळी हायस का काय," एवढंच ते म्हणाले, आणि रस्त्याकडं बघत राहिले.

तशीच ती त्यांना काँप्युटरच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदार लालासाहेब बोलका माणूस. त्यांनी निदान लगेच केलं. प्रोसेसरच्या डोक्यावर त्याला गार ठेवायला असतो तो कूलर लहान; लहान पोराला मोठ्यांबरोबर चालायचं तर पळावं लागतं, तसा तो पळतो आणि ओरडतो. पाण्याचा कूलर घ्या, आवाज म्हणून यायचा नाही. त्यांनी एक चालू करून दाखवला, सृष्टीनं कान लावून बघितलं. खरंच काही येत नव्हतं.

व्हिडिओ बघून बघून तिनं तो घरी बसवला. काँप्युटर चालला, तापला, तरी भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू येत राहिला. आबा मशीन घालून बसले. "बेस हाय," म्हणाले. दुसऱ्या दिवशीही म्हणाले, "बेस हाय."

पण एका दुपारी सृष्टीनं सहज मागं वळून बघितलं. आबा खाटेवर ताठ बसले होते, डोळे गच्च मिटलेले, दात आवळलेले. तोफ उडायच्या आधी माणूस बसत असेल तसे. तिनं काँप्युटर बंद केला. आबांचा चेहरा सैल पडला. चालू केला, पुन्हा आवळला. ती उठून त्यांच्यापुढं उभी राहिली.

"आबा, खरं सांगा."

"बेस हाय की."

"आबा..."

आबा पोर चोरी करताना सापडावं तसे हसले. "डास हाय गं एक. लय बारीक. पर हाय."

पाणी खेळवणारा पंप. त्याचा सूर वरचा आणि इतका हलका, की धडधाकट कानाला लागतच नव्हता; मशीन तो मोठा करून देत होतं. तो फक्त आबांसाठी वाजत होता. सुनेनं एवढा खटाटोप केला, तिचं मन कशाला मोडा, म्हणून माणूस डास कानात घेऊन बसला होता.

"आवं, सरहद्दीवर हाय का तुमी?" राहीबाई आतून म्हणाल्या. "दुखतंय तर तोंडानं सांगावं की."

सृष्टीला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही. "मला येत नाही ते तुम्हाला ऐकू येतं," ती म्हणाली. "आता निवडायचं तुम्हीच. आणि बेस हाय म्हणायचं नाही."

लालासाहेबांनी पाण्याचा कूलर कुरकुर न करता परत घेतला, पण जीभ काय गप्प बसते? ऐकू न येणाऱ्याला घेऊन आवाज पारखायला आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक, म्हणाले. मग मात्र त्यांनाही चेव आला. जेवणाची वेळ होती, गल्ली निवांत होती. शटर अर्धं ओढलं, डोक्यावरचा पंखा बंद केला. थंड असताना सगळेच गप्प बसतात, म्हणून काँप्युटरला भरपूर काम लावून चांगला तापवला, आणि एकेक कूलर जोडत गेले. आबा डोळे मिटून बसले.

"शिट्टी."

दुसरा. बराच वेळ गेला. "ह्यो मधीच वरडतोय, मधीच गप बसतोय. भरवसा न्हाई ह्येचा."

तिसरा म्हणजे धूडच. पत्र्यांची चळत, तिच्यातून आरपार गेलेल्या तांब्याच्या नळ्या, आणि पुढं परातीएवढा नव्हे, पण ताटलीएवढा पंखा, सावकाश फिरणारा. आबा गप्पच.

"चालू केलासा का?" त्यांनी शेवटी विचारलं.

"चालूच हाय की, मामा."

आबा वाकले, आणखी जवळ गेले. "हां. हाय. पर खालच्या अंगानं बोलतोय. बोलू दे."

सृष्टीनं पडद्यावर आकडा बघितला. काँप्युटर पहिल्यापेक्षा गार होता. लालासाहेब म्हणाले, उंच आहे, तुमच्या काँप्युटरच्या डब्यात मावायचा नाही. पण तिनं निघताना राहीबाईंच्या शिवणाच्या टेपनं आतली जागा मोजून आणली होती. बोटभर जागा उरत होती.

घरी तो बसवला, आणि तिनं मुद्दाम सगळ्यात जड चित्र लावलं. सोप्यात ऊन सरकत होतं. स्वयंपाकघरात राहीबाई चहा टाकता टाकता पुटपुटत होत्या, की म्हाताऱ्याला साखर कितीबी घाला, कमीच.

"कमीच घालतीस, तर कमीच लागंल," खाटेवरून उत्तर गेलं.

राहीबाई सांडशी घेऊन दारात आल्या. "कसलं यंत्र आणलंस गं पोरी? मला आता घरात पुटपुटायचीबी सोय राहिली न्हाई."

आबा उठले. खुर्ची ओढून सुनेच्या शेजारी बसले आणि पडद्याकडं बघायला लागले. मग राहीबाईंना मधी न घालता त्यांनी विचारलं, "कुनाचं घर हाय ह्ये?"

"पुण्याकडचं आहे, आबा. नवरा-बायको आणि त्यांचे वडील."

"आन् म्हाताऱ्यानं बसायचं कुठं?"

सृष्टीनं बघितलं. वडलांची खोली मागं होती, चांगली ऐसपैस, न्हाणीघराला लागून. दार लावलं की कशाचा आवाज आत जाणार नाही, अशी मालकांनी मुद्दाम मागून घेतलेली.

"शांत जागा दिलीय त्यांना," ती म्हणाली.

"शांत काय करायचीय?" आबा म्हणाले. "मानसं येताजाता दोन शब्द कानावर पडाय पायजेत."

तिनं माऊस हातात घेतला. मग पुढच्या खोलीतल्या खिडकीखाली एक रुंद बैठक काढली. मालकांना आवडेल की नाही कुणास ठाऊक. विचारून बघू, म्हणाली. काँप्युटर पुन्हा कामाला लागला.

"दाराकडं घे जरा," आबा पडद्यावर बोट टेकवून म्हणाले. "आनखी थोडं. हां, हितं."