कणगीतली दावी

"खुंटीवरचा कासरा कुटं गेला?" केराबाई उंबऱ्यातनंच ओरडली.

धुळाप्पा अंगणात, मेंढरं कोंडायच्या रिकाम्या वाडग्याकडं तोंड करून बसला होता.

"आवं, तुमालाच इचारायलेय मी!"

"आसंल की कुटंतरी."

त्र्याहत्तरचा चैत. बोरी नदीचं पात्र तव्यासारखं तापलेलं. चाऱ्यासाठी मेंढरं घेऊन कर्नाटकात गेलेला धुळाप्पा परतला, तेव्हा त्याच्या हातात काठी आणि म्होरक्या बोकडाच्या गळ्यातली घाटी, एवढंच उरलं होतं. त्या दिवसापासून तो नीट बोलला नव्हता. बिरोबापुढं ढोल वाजवताना सात गावं ज्याच्या हाताकडं बघायची, तो गडी आता भाकरीसुद्धा मागत नव्हता.

दुधनीच्या सडकेवर दुष्काळी काम चालू होतं. शेजारची निंगव्वा तिथं केराबाईच्या बाजूला बसून खडी फोडायची. तिनंच पहिल्यांदा मनात किडा सोडला होता.

"अय्यो केरव्वा, गप बसलेला गडी आन् थांबलेला वारा, दोनीचा भरवसा न्हाय. माझ्या दिराला आमी म्हणलो, थकलाय, बसू दे. मग सकाळी आडाच्या लाकडाला लटकलेला घावला. घरातली दावी लपव आदी."

त्या संध्याकाळी केराबाईनं घरातली सगळी दावी गोळा करून रिकाम्या कणगीत टाकली, वर पोतं दडपलं. पाणी शेंदायला एक कासरा तेवढा बाहेर ठेवला होता. आज तोच नव्हता.

ती कामावर गेली खरी, पण हातोडा दगडावर कमी आणि बोटावर जास्त पडत होता. दुपारच्या सुकडीच्या वेळी तिनं निंगव्वाला सांगितलं.

"आन् तू हितं खडी फोडायलीस?" निंगव्वाच्या हातातली सुकडी सांडली. "पळ की, यव्वा!"

केराबाई पळाली. घर उघडं. धुळाप्पा नाही. फुफाट्यात त्याच्या वहाणांचे ठसे बिरोबाच्या माळाकडं गेलेले. माळावर देऊळ, आणि देवळापुढं जुना लिंब. तिनं आधी लिंबाच्या फांद्या बघितल्या. एक एक करून सगळ्या बघितल्या. मग देवळात शिरली.

धुळाप्पा मांडी घालून बसला होता. मांडीवर ढोल. कासऱ्याचे पदर उसवून त्यानं बारीक दोर वळला होता आणि ढोलाच्या कड्यातनं ओवत होता. उंदरांनी कुरतडलेला जुना दोर बाजूला पडला होता.

"हितं कशाला आलीस?"

"कासरा कशाला आणलाव?"

"तुझ्यापास्नं लपवायला."

"माझ्यापास्नं?"

"मग! कणगीत जुंधळं हायत का बघाय गेलो, तर दावीच दावी. मी म्हणलं, मेंढरं गेली, दादला मुका झाला, बाई जिवाला कटाळली. राह्यलेला कासरा तरी हिच्या हाताला लागू नये."



"आवं, ती तुमच्या भ्यानं लपवली की मी!"

धुळाप्पाचे खांदे हलायला लागले. तो हसतोय की रडतोय हे तिला कळेना. बहुतेक त्यालाही कळत नव्हतं.

"आन् ढोल?"

"कासरा लपवाय आलो, तर ह्यो पडलेला दिसला. हात गप बसंना." त्यानं दोर खेचला, कातड्यावर टिचकी मारली. "पर वाजवायचा कसा? लोक म्हणतील, मेंढरं मेली आन् धुळाप्पा ढोल बडवतोय."

"म्हणू द्या. रोज वाजवा. मला सडकंपतूर ऐकाय आलं पायजे. आन् लई ताणू नगा, फाटंल."

"मला शिकवू नगो," धुळाप्पा म्हणाला. महिनाभरात तो पहिल्यांदाच तिच्यावर खेकसला होता. केराबाईला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून माळावरनं ढोल ऐकू यायला लागला. आधी अडखळत, मग हळूहळू चालीवर. गाव म्हणालं, धुळाप्पा खुळा झाला. ढोलाच्या ठेक्यावर केराबाईचा हातोडा पडत राहिला. ढोल थांबला की हातोडाही थांबायचा.

एकदा ढोल बराच वेळ थांबला. केराबाईनं हातोडा टाकला, लुगड्याचा ओचा खोचला आणि उठली. तेवढ्यात एक ठोका आला. मग थोड्या वेळानं दुसरा, जरा चढा.

"काय गं?" निंगव्वानं विचारलं.

"काय न्हाय. दोर ताणायल्यात." ती खाली बसली.

पुढं आठवड्याभरानं धुळाप्पाही खडीवर यायला लागला. ढोल दिवस मावळताना वाजायचा.

पण रोज चूल पेटवायच्या आधी केराबाई कणगीत हात घालून दावी चाचपायची. आणि ती पाण्याला गेली की धुळाप्पा येऊन तीच दावी पुन्हा चाचपायचा.